पाठीवर मावेल एवढी वेधशाळा

१२ ऑक्टोबर २०२४ हा विजयादशमीचा दिवस. म्हैसूरच्या रस्त्यावरून साडेसातशे किलो वजनाच्या सुवर्ण अंबारीत चामुंडेश्वरीची मिरवणूक निघाली होती. दसऱ्याच्या दिवसांत राजवाड्यावर जवळजवळ एक लाख दिवे उजळतात आणि ते पाहायला गावोगावची माणसे येतात. योगायोग असा की, त्याच दिवशी त्सुचिनशान-अॅटलास नावाचा धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे सात कोटी किलोमीटरवर आला होता. २७ सप्टेंबरला सूर्याला वळसा घालून तो परतीच्या वाटेला लागला होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो पहाटे पूर्वेला दिसे, तर महिन्याच्या मध्यावर सूर्यास्तानंतर पश्चिमेला. बंगळूरहून काढलेली त्याची छायाचित्रे त्या दिवसांत वृत्तपत्रांतही झळकली.

असा धूमकेतू टिपायला वेधशाळेतल्या मोठ्या दुर्बिणीची गरज नसते. साधा कॅमेरा, खाली तिपाई आणि काही सेकंदांचे एक्स्पोजर एवढे पुरते. गरज असते ती वेळेवर मोकळ्या क्षितिजापाशी आणि दिव्यांपासून दूर पोचण्याची. धूमकेतू क्षितिजालगत अर्धा-पाऊण तास दिसतो, मध्येच ढग येतात, आणि आठवडाभरात तो फिका पडतो. ज्याचे सामान पाच मिनिटांत पिशवीत भरून निघते त्याला तो मिळतो. ज्याची दुर्बीण गच्चीवरून खाली आणायलाच दोन माणसे लागतात, त्याला तो दुसऱ्याच्या छायाचित्रात पाहावा लागतो.

आकाशाचे फोटो काढण्याची हौस अलीकडे घराघरांत शिरली आहे. दहावी-बारावीतल्या मुलांना तिचे वेड असते, तसेच निवृत्त झालेल्या आजोबांनाही असते. पण बहुतेकांची सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते. आधी मोठी दुर्बीण येते, चार-सहा रात्री कौतुकाच्या जातात आणि मग ती माळ्यावर जाते. पैसे गेल्याचे दुःख असतेच. त्याहून वाईट म्हणजे घरातल्या एका उत्साही मुलाची हौस कायमची मावळते. हे टाळायचे तर खरेदीच्या आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आज यंत्रे मुबलक मिळतात. टंचाई आहे ती अंधाराची.

अंधार कुठे मिळेल?

कावेरीच्या पाण्यावर शिवसमुद्रम येथे १९०२ साली वीज तयार होऊ लागली, ती आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली आणि १९०५ मध्ये बंगळूरचे रस्ते विजेने उजळले. त्या काळी रस्त्यावरचा दिवा ही अपूर्वाई होती. आज म्हैसूरसारख्या त्या मानाने शांत शहरातही रस्त्यांचे, दुकानांचे आणि जाहिरातींचे दिवे रात्रभर आकाशाकडे उजेड फेकत असतात. राजवाड्याची रोषणाई तर दसऱ्याशिवाय रविवारी व सुट्टीच्या दिवशीही संध्याकाळी थोडा वेळ असते. डोळ्यांना ती सुंदर दिसते, पण कॅमेऱ्याला मात्र शहराच्या डोक्यावर पिवळसर धुके दिसते. शहराच्या मध्यावरून वीस सेकंदांचे एक्स्पोजर दिले तर तारे उमटण्याऐवजी सारे आकाशच नारिंगी होते.

कॅमेरा कितीही महागडा असला तरी हे धुके तो दूर करू शकत नाही. उलट साधा कॅमेरा शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटर नेला की फोटोत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हैसूरकरांना उत्तरेला मेलुकोटेचा डोंगराळ भाग आहे, दक्षिणेला नंजनगूड ओलांडल्यावर गुंडलुपेटच्या बाजूची उघडी शेते आहेत, पश्चिमेला हुणसूरच्या पुढचा भाग आहे. अंधारा प्रदेश म्हणून बंडीपूरचे नाव सगळ्यांच्या आधी सुचते खरे, पण तिथला राष्ट्रीय महामार्ग २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतुकीला बंद असतो, आणि जंगलात रात्री थांबून फोटो काढणे बेकायदाही आहे व जिवावरचेही. जंगलाबाहेरही सावध राहावे लागते. २०२२ च्या अखेरीस टी. नरसीपूर तालुक्यात बिबट्याने माणसांचे बळी घेतले होते. तेव्हा ओळखीच्या माणसाचे शेत, गावातल्या घराची गच्ची किंवा राहण्याची सोय असलेली जागा निवडावी; किमान तिघा-चौघांनी मिळून जावे आणि घरी ठिकाण सांगून जावे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगायचे तर, नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. म्हणजे अंधार ही आता जपून ठेवायची संपत्ती ठरली आहे.

अंधारासाठीच नव्हे, तर ग्रहणासाठीही प्रवास करावा लागतो. २६ डिसेंबर २०१९ च्या कंकणाकृती ग्रहणात म्हैसूर शहर कंकणाच्या पट्ट्याच्या थोडे बाहेर राहिले. तिथे सूर्याची कोर दिसली. पण कोडगूमधल्या कुट्ट्याकडे, वायनाडात किंवा उटीला गेलेल्यांना पूर्ण कंकण पाहायला मिळाले. शे-सव्वाशे किलोमीटरच्या प्रवासाने कोर आणि कंकण यांतला फरक पडला. (सूर्याचा फोटो काढताना लेन्सच्या पुढे सूर्यासाठीच बनवलेला फिल्टर हवाच. त्याशिवाय कॅमेऱ्याच्या काचेतून सूर्याकडे पाहिल्यास डोळा कायमचा जाऊ शकतो.)

स्कूटरची परीक्षा

मग सामान किती असावे? त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. सारे साहित्य पाठीवरच्या एका पिशवीत मावले पाहिजे आणि ते घेऊन स्कूटरवर मागे बसता आले पाहिजे. वजन पाच किलोंच्या आत असावे. या परीक्षेत आठ इंची परावर्ती दुर्बीण बसत नाही. तिची नळीच जवळजवळ सव्वा मीटर लांब असते आणि स्टँड धरून वजन वीस किलोंच्या पुढे जाते. ती निकामी आहे असे नव्हे. चंद्रावरची विवरे, शनीची कडी पाहायला तिच्यासारखे दुसरे साधन नाही. पण ती पहिली खरेदी असू नये.

पहिल्या खरेदीत चारच वस्तू असाव्यात.

पहिली वस्तू कॅमेरा. ज्याची लेन्स बदलता येते आणि ज्यात सगळी मांडणी हाताने करता येते, असा कोणताही कॅमेरा चालतो. मिररलेस कॅमेरे आल्यापासून जुने डीएसएलआर बरेच कमी किमतीला मिळू लागले आहेत. दहा वर्षांपूर्वीचा डीएसएलआरही या कामाला उत्तम आहे. घरात लग्नकार्याच्या फोटोंसाठी घेतलेला कॅमेरा असेल तर नवा घेऊच नये.

दुसरी वस्तू लेन्स. हिच्याविषयी पुढे सविस्तर येईलच.

तिसरी वस्तू तिपाई, म्हणजे ट्रायपॉड. नेमकी इथेच लोक काटकसर करतात आणि पस्तावतात. हलक्या, उंच आणि लडबडणाऱ्या तिपाईवर कॅमेरा वाऱ्याच्या झुळुकीने थरथरतो व प्रत्येक तारा दुहेरी दिसतो. दीड-दोन किलोंची, थोडी ठेंगणी पण भक्कम तिपाई घ्यावी. मधला दांडा वर काढू नये. त्याच्या खालच्या आकड्याला पिशवी लटकवली की तिपाई आणखी स्थिर होते.

चौथी वस्तू म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता बटण दाबण्याची सोय. तारेचा किंवा बिनतारी रिमोट मिळतो. तो नसेल तर कॅमेऱ्यातला दोन सेकंदांचा टायमर वापरावा.

याखेरीज एक जादा बॅटरी, लाल जिलेटीन कागद गुंडाळलेली विजेरी, मऊ फडके आणि एक लोकरी मोजा एवढे घेतले की झाले. पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात आणि अंधाराला पुन्हा सरावायला त्यांना वीस-तीस मिनिटे लागतात, म्हणून लाल कागद हवा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे लेन्सवर दव बसते. मोज्याचा पुढचा भाग कापून तो लेन्सभोवती चढवला की दव पुष्कळसे लांबते.

लेन्सचे डोळे किती मोठे?

कॅमेऱ्याबरोबर सहसा १८ ते ५५ मिलिमीटरची झूम लेन्स येते. तिने सुरुवात करायला हरकत नाही. पण ताऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ताऱ्याचा किती प्रकाश गोळा होईल हे लेन्सच्या छिद्राच्या प्रत्यक्ष रुंदीवर ठरते. ही रुंदी काढायची तर नाभीय अंतराला एफ-आकड्याने भागायचे. १८ मिलिमीटर, एफ/३.५ अशा मांडणीत छिद्र ५ मिलिमीटरच्या आसपास असते. ५० मिलिमीटरच्या एफ/१.८ लेन्सचे छिद्र जवळजवळ २८ मिलिमीटर असते. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर दुसरी लेन्स त्याच ताऱ्याचा सुमारे तीसपट प्रकाश एका क्षणात गोळा करते.

ही ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स म्हणजे या छंदातली गरिबाची कामधेनूच. बहुतेक कंपन्यांच्या यादीत ती सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते आणि वजनाला दीड-दोनशे ग्रॅमच भरते. मृग नक्षत्र, कृत्तिकांचा पुंजका, वृश्चिकाचा आकडा तिच्यात छान मावतात. क्षितिजापासून डोक्यावर चढत गेलेली आकाशगंगा देवळाच्या शिखरासह किंवा झाडासह टिपायची असेल, तर मात्र १४ ते २४ मिलिमीटरची, एफ/२.८ किंवा त्याहून उघडी लेन्स हवी. दोन्ही एकदम घेण्याची घाई नको. आधी पन्नासची घ्यावी, वर्षभर वापरावी, मग रुंद लेन्सचा विचार करावा.

छिद्र पूर्ण उघडे ठेवले की फोटोच्या कडेचे तारे पाखरासारखे पसरतात. म्हणून एफ/१.८ च्या लेन्सचे छिद्र एफ/२.५ किंवा २.८ पर्यंत किंचित मिटवावे. प्रकाश थोडा घटतो, पण तारे टोकदार येतात.

तारे पळतात, म्हणून

एक्स्पोजर किती सेकंद द्यायचे? पुष्कळांना वाटते की जितके जास्त तितके चांगले. तसे नाही, कारण कॅमेरा ज्या जमिनीवर उभा आहे ती पृथ्वीच फिरते आहे. आकाश दर मिनिटाला पाव अंश सरकते. पौर्णिमेचा चंद्र आकाशात अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणजे दोन मिनिटांत प्रत्येक तारा चंद्राच्या रुंदीइतका पुढे जातो. लेन्स जितकी लांबची, तितकी ही चाल मोठी होऊन दिसते आणि ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होते.

यासाठी जुन्या मंडळींनी एक हिशेब ठरवला आहे. ५०० ला लेन्सच्या नाभीय अंतराने भागावे, येईल तितके सेकंद एक्स्पोजर द्यावे. फिल्मच्या दिवसांत आणि लहान आकाराच्या छपाईत हे चालून जाई. आजच्या कॅमेऱ्यांचे बिंदू फार बारीक असतात, तेव्हा ५०० ऐवजी ३०० धरणे बरे. सेन्सर लहान, एपीएस-सी जातीचा असेल (घरगुती कॅमेऱ्यांत तो बहुधा असतोच) तर उत्तराला आणखी दीडने भागावे. लहान सेन्सरवर ५० मिलिमीटरला ४ सेकंद येतात, २४ ला ८, आणि १८ ला ११ सेकंद. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर हेच आकडे ६, १२ आणि १६ होतात.

हा हिशेब मध्यावरच्या, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताजवळच्या ताऱ्यांसाठी आहे. मृगाचा पट्टा तिथेच आहे. ध्रुवांकडे जावे तशी ताऱ्यांची चाल मंदावते. दक्षिणेला ६० अंशांवर असलेल्या त्रिशंकूची चाल निम्मीच असते, म्हणून त्याला दुप्पट सेकंद देता येतात.

मांडणी कशी करावी?

अंधारात बटणे चाचपडत बसू नये. घरी, उजेडात, पुढील मांडणी दोन-तीनदा करून हात बसवावा.

कॅमेरा ‘एम’ म्हणजे संपूर्ण हातमांडणीवर ठेवावा.

फाइलचा प्रकार ‘रॉ’ निवडावा. जेपेगमध्ये कॅमेरा आपल्या मर्जीने बरीच माहिती गाळून टाकतो. रॉमध्ये ती शिल्लक राहते.

आयएसओ १६०० वर ठेवून सुरुवात करावी, फार तर ३२०० करावा. आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही. आलेलाच प्रकाश मोठा करून दाखवला जातो. ६४०० किंवा १२८०० च्या मोहात पडल्यास उजळ ताऱ्यांचे रंग पांढरे पडतात.

रंगसंतुलन ‘ऑटो’वर न ठेवता ४००० केल्विनच्या आसपास पक्के करावे, म्हणजे सगळे फोटो एका रंगाचे येतील.

लेन्समधली थरथर रोखण्याची सोय तिपाईवर असताना बंद करावी. ती चालू राहिली तर स्थिर कॅमेऱ्यालाही उगाच हलवत बसते.

आता सर्वांत महत्त्वाचे काम फोकसचे. अंधारात स्वयंचलित फोकस आंधळा होतो. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवरही विसंबू नये, ती क्वचितच अचूक असते. फोकस हातावर घ्यावा, कॅमेऱ्याच्या पडद्यावर व्याधासारखा एखादा ठळक तारा आणावा, पडद्यावरचे चित्र दहापट मोठे करावे आणि तारा सर्वांत बारीक होईपर्यंत कडे हलक्या हाताने फिरवावे. जमले की कड्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून टाकावा. दर अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे, कारण रात्र गार होत जाते तसा फोकस सरकतो.

पहिला फोटो काढल्यावर चित्रापेक्षा हिस्टोग्राम, म्हणजे उजेड दाखवणारा आलेख पाहावा. अंधारात पडदा फार उजळ वाटतो आणि फसवतो. आलेखाचा उंचवटा डाव्या कडेला चिकटलेला नसावा. डावीकडून पाव ते एक तृतीयांश अंतरावर असला की एक्स्पोजर बरोबर आहे असे समजावे. तो मध्याच्या पलीकडे गेला तर आकाशात उजेड जास्त आहे. सेकंद किंवा आयएसओ कमी करावा.

एकाऐवजी चौसष्ट

चार-सहा सेकंदांच्या फोटोत कितीसे दिसणार, असे कोणी म्हणेल. तोटा भरून काढण्याचा उपाय मात्र सोपा आहे. तोच फोटो पुन्हा पुन्हा काढायचा आणि नंतर संगणकावर सगळे एकमेकांवर नीट बसवून त्यांची सरासरी घ्यायची. ताऱ्याचा प्रकाश प्रत्येक फोटोत एकाच जागी असतो. दाणेदारपणा मात्र दर वेळी वेगळ्या जागी पडतो, त्यामुळे सरासरीत तो विरतो. हिशेब वर्गमुळाचा आहे. १६ फोटोंनी दाणेदारपणा चौथ्या हिश्शावर येतो, ६४ फोटोंनी आठव्या. चार सेकंदांचे चौसष्ट फोटो म्हणजे सव्वाचार मिनिटांचे काम. एवढ्यात देवयानी दीर्घिकेचा अंडाकृती गोळा आणि मृगातला तेजोमेघ स्पष्ट उमटतात.

शेवटी लेन्सचे झाकण लावून, तीच मांडणी ठेवून दहा-पंधरा काळे फोटो काढावेत. सेन्सरवरचे तापलेले ठिपके वजा करायला ते उपयोगी पडतात. ‘डीप स्काय स्टॅकर’, ‘सिक्वेटर’, ‘सिरिल’ ही त्यासाठीची संगणक-साधने विनामूल्य मिळतात. फिल्मच्या काळात, १९९७ चा हेल-बॉप धूमकेतू टिपताना, रोल धुऊन येईपर्यंत काय आले आहे ते कळत नसे. आज चूक तिथल्या तिथे दिसते आणि सुधारता येते.

ध्रुव इतका खाली!

एक पायरी पुढे जायचे तर आकाशाच्या चालीने कॅमेराच फिरवणारे यंत्र हवे. त्याला ‘स्टार ट्रॅकर’ म्हणतात. किलो-दीड किलोचे हे यंत्र तिपाई व कॅमेरा यांच्यामध्ये बसते आणि एक-एक, दोन-दोन मिनिटांचे एक्स्पोजर देऊ देते. स्कूटरच्या परीक्षेतही ते उत्तीर्ण होते. मात्र त्याचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि इथे म्हैसूरची एक खास अडचण आहे.

ध्रुवतारा आकाशात किती वर दिसतो हे गावाच्या अक्षांशावर ठरते. म्हैसूरचा अक्षांश १२.३. म्हणजे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम बारा अंशांवर असतो. हात लांब करून वळलेली मूठ साधारण दहा अंशांची. तेव्हा एका मुठीहून थोडा वर. तिथे धूळ असते, दमट हवा असते, नारळाची झाडे असतात. जागा निवडताना म्हणूनच उत्तर मोकळी आहे की नाही ते आधी पाहावे. शहर उत्तरेला येईल अशा जागी, म्हणजे नंजनगूडच्या बाजूला, शहराच्या उजेडात ध्रुव बुडतो. पण त्या बदल्यात दक्षिण आकाश काळेभोर मिळते. ट्रॅकर विकत घेताना त्याची कलती बैठक बारा अंशांपर्यंत खाली येते का, हे दुकानदाराला नक्की विचारावे.

ध्रुव दिसतच नसेल तर होकायंत्राने उत्तर धरावी आणि बैठकीचा कल फोनमधल्या कोनमापकाने १२.३ अंश करावा. दक्षिण भारतात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून एक-दोन अंशांच्या आतच असते. ५० मिलिमीटरपर्यंतच्या लेन्सला आणि एका मिनिटाच्या एक्स्पोजरला एवढी अचूकता पुरते. २०० मिलिमीटरला पुरत नाही.

ट्रॅकरचे पैसे वाचवायचे असतील तर सुताराकडे जावे. १९७५ साली जी. वाय. हेग या स्कॉटलंडमधल्या हौशी खगोलप्रेमीने दोन फळ्या आणि एक बिजागरी यांचा साधा ट्रॅकर प्रसिद्ध केला. एक फळी तिपाईवर पक्की. दुसरी बिजागरीने तिला जोडलेली आणि तिच्यावर कॅमेरा. खालच्या फळीतून वर येणारा स्क्रू फिरवला की वरची फळी हळूहळू उघडते. बाजारात सहज मिळणाऱ्या ६ मिलिमीटरच्या, म्हणजे दर फेऱ्याला १ मिलिमीटर पुढे सरकणाऱ्या स्क्रूसाठी बिजागरीपासून स्क्रूपर्यंतचे अंतर २२८.६ मिलिमीटर, म्हणजे नऊ इंच ठेवायचे. मग मिनिटाला बरोबर एक फेरा दिला की फळी आकाशाच्या गतीने उघडते. बिजागरीची रेघ ध्रुवाकडे रोखायची आणि घड्याळ पाहून दर पंधरा सेकंदांना पाव फेरा द्यायचा. शाळकरी मुलांना या एका खेळण्यातून पृथ्वीचे परिवलन जितके कळते तितके पुस्तकातून कळत नाही.

म्हैसूरचे भाग्य

ध्रुव खाली गेला याचा अर्थ दक्षिणेचे आकाश वर आले. पुण्याहून त्रिशंकू क्षितिजापासून जेमतेम साडेअकरा अंश चढतो, नागपूरहून नऊ अंश; म्हैसूरहून तो जवळजवळ अठरा अंशांवर, धुळीच्या थराच्या बराच वर येतो. एप्रिलच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला उभा असतो, आणि त्याच्या डावीकडे मित्र व मित्रक हे दोन ठळक तारे वर येत असतात. नरतुरंगातला ‘ओमेगा सेंटॉरी’ हा लाखो ताऱ्यांचा गोल पुंजका म्हैसूरहून तीस अंश उंचीवर येतो. त्याला पन्नास मिलिमीटरची लेन्सही पुरते. नौकातल तारकासमूहातला मोठा तेजोमेघ एप्रिलच्या सुरुवातीला रात्री दहाला दक्षिणेत दिसतो. उत्तर भारतातले हौशी छायाचित्रकार ज्या दृश्यांसाठी दक्षिणेचा प्रवास करतात, ती म्हैसूरकरांच्या दारात आहेत.

आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग धनु व वृश्चिक राशींत आहे. तो म्हैसूरहून जवळजवळ एकोणपन्नास अंश उंच चढतो. तो टिपायची उत्तम वेळ म्हणजे मार्च-एप्रिलची पहाट, चार-पाचच्या सुमारास. जूननंतर तो संध्याकाळी सोयीच्या वेळी येतो, पण तेव्हा पावसाळा असतो. म्हैसूरला मे व ऑक्टोबरमध्येही पाऊस पुष्कळ होतो. म्हणून डिसेंबर ते एप्रिल हाच या छंदाचा खरा हंगाम. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत अमावास्या पाहून तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या चार-पाच रात्री आधीच राखून ठेवाव्यात.

चंद्र आणि फोन

महिन्याच्या उरलेल्या रात्री वाया जातात असे नाही. चंद्राला अंधार लागत नाही. तो शहरातल्या गच्चीवरूनही टिपता येतो. चंद्रावर भर दुपारचे ऊन पडलेले असते हे लक्षात ठेवावे. पौर्णिमेच्या सुमारास छिद्र एफ/११ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतक्या भागाचे ठेवावे, म्हणजे आयएसओ १०० ला सेकंदाचा शंभरावा भाग. सेन्सरवर चंद्राची प्रतिमा नाभीय अंतराच्या एकशेदहाव्या भागाइतकी पडते. ३०० मिलिमीटरच्या लेन्सनेही ती पावणेतीन मिलिमीटरचीच असते. म्हणून चंद्रासाठी मात्र लांब लेन्स किंवा दुर्बीण हवी. सर्वांत सुंदर फोटो पौर्णिमेला नव्हे, तर अष्टमीच्या आसपास मिळतात, कारण तेव्हा विवरांच्या सावल्या लांब पडतात.

ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांनी निराश होऊ नये. अलीकडच्या पुष्कळ फोनमध्ये रात्रीच्या फोटोची सोय असते. फोनच अनेक छोटे फोटो काढून एकत्र करतो. फोन धरणारी चिमटी तिपाईवर बसवावी, फोन हाताने धरू नये. अंधाऱ्या जागेवरून फोनमध्येही आकाशगंगेचा पट्टा येतो. अंधार हाच खरा कॅमेरा, हे त्यातून चांगलेच पटते.

ज्यांना एकट्याने सुरुवात करणे अवघड वाटते, त्यांनी गावातले खगोलमंडळ शोधावे. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. अशा मंडळांबरोबर एक रात्र काढली की तिथे आलेल्यांची वेगवेगळी साधने हाताळून पाहता येतात आणि आपल्याला काय हवे, त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय नको, ते खरेदीपूर्वीच कळते.

पहिल्या रात्री फार बेत आखू नयेत. एक कॅमेरा, पन्नासची लेन्स आणि तिपाई घ्यावी. जानेवारीतल्या अमावास्येच्या सुमारास गावाबाहेर ओळखीच्या गच्चीवर जावे, मृग डोक्याजवळ आला की फोकस साधावा आणि चार सेकंदांचे साठ-सत्तर फोटो काढावेत. कॅमेरा आपले काम करत असताना घरच्यांनी आकाशाकडे पाहत बसावे. मृगाच्या पट्ट्याखाली लटकणाऱ्या तलवारीत एक अंधुक डाग दिसेल. तिथे नवे तारे जन्माला येत आहेत, आणि तिथून निघालेला प्रकाश सुमारे तेराशे वर्षांनी त्या गच्चीवर पोचतो आहे. दुसऱ्या दिवशी संगणकावर तोच डाग गुलाबी पाकळ्यांसारखा उमललेला दिसला की पुढची अमावास्या कधी आहे, हे घरातली मुलेच दिनदर्शिकेत पाहू लागतील.